एकही लढाई न जिंकता ग्रीनने कॅरोलिना कसा जिंकला?

तुमचे प्रश्न तीन आहेत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या दक्षिण मोहिमेत अमेरिकनांचा सेनापती नॅथॅनिएल ग्रीन एकही मोठी लढाई जिंकला नाही, तरी त्याला वॉशिंग्टनच्या खालोखालचा सेनापती का मानतात? त्याच्यासमोरचा ब्रिटिश सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस मैदानं मारत गेला आणि शेवटी यॉर्कटाउनला अडकला, म्हणजे तो सेनापती म्हणून कच्चा होता का? आणि हा सगळा प्रकार आपल्या गनिमी काव्यासारखाच नाही का?

मला हे तिन्ही प्रश्न एकाच गाठीचे वाटतात. संध्याकाळी मैदान ज्याच्या ताब्यात, तो जिंकला, असं आपण धरून चालतो. त्या काळचे सेनापतीही असंच धरायचे आणि घरी तसेच खलिते पाठवायचे. पण मोहीम समजून घ्यायची असेल तर मी दुसरी गोष्ट आधी बघतो. लढाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या सैन्याला जेवण मिळालं, जखमी कुठे हलवले, आणि पुढच्या आठवड्याचं पीठ कुठून येणार होतं? या चष्म्यातून पाहिलं की १७८० आणि १७८१ सालचा कॅरोलिना वेगळाच दिसतो.

हा चष्मा माझा का, तेही सांगतो. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चोवीस वर्षं काढली. राशन, इंधन, गाड्या आणि खेचरं हेच माझं काम. निवृत्तीनंतर तरुण अधिकाऱ्यांना युद्धेतिहास शिकवला, आणि ही मोहीम दरवर्षी शिकवली. पायदळातल्या माणसाला यात कदाचित दुसरं काही दिसेल. त्याचंही चूक नसेल.

आधी परिस्थिती बघू. १२ मे १७८० रोजी चार्ल्सटन पडलं आणि बेंजामिन लिंकनच्या हाताखालचे पाच हजारांवर अमेरिकन सैनिक कैद झाले. ब्रिटिशांचा सरसेनापती हेन्री क्लिंटन दक्षिणेची सूत्रं कॉर्नवॉलिसकडे देऊन न्यूयॉर्कला परतला. जाण्याआधी त्याने ३ जूनला एक जाहीरनामा काढला. शस्त्र खाली ठेवून घरी बसलेल्या लोकांनी आता राजाच्या बाजूने उभं राहावं, नाहीतर त्यांना बंडखोर समजू, असा त्याचा मतलब. घरी बसलेली माणसं तोवर कुणाच्याच अध्यात मध्यात नव्हती. या कागदाने त्यांना बाजू निवडायला लावली आणि अनेकांनी दुसरी बाजू निवडली. दक्षिणेत ब्रिटिशांचं पहिलं मोठं नुकसान या कागदाने केलं असं माझं मत आहे. कॉर्नवॉलिसला ते आयतं मिळालं.

त्याच्यावर चालून आला अमेरिकनांचा होरॅशियो गेट्स, साराटोगाच्या लढाईचा विजेता. गेट्सने सरळ जवळची वाट धरली. ती पाइनच्या ओसाड जंगलातून जात होती आणि तिथे धान्य नव्हतं. सैनिकांनी कोवळी मक्याची कणसं आणि कच्चे पीच खाऊन दिवस काढले. लढाईच्या आदल्या रात्री त्यांना मांस आणि मक्याच्या पिठाबरोबर काकवी वाटली गेली, आणि रात्रभर माणसं पोटं धरून रांगेतून बाहेर पळत होती. सकाळी, १६ ऑगस्टला, कॅम्डेनजवळ त्यांची फळी मोडली. गेट्स घोड्यावरून त्याच दिवशी साठेक मैल दूर शार्लटला पोचला. त्याच्या पळण्याबद्दल सगळेच लिहितात. ती वाट निवडली तिथेच सैन्य अर्धं हरलं होतं, हे मात्र फार कुणी लिहीत नाही.

अमेरिकन काँग्रेसने दक्षिणेसाठी आधी नेमलेले सेनापती असे एकामागून एक अपयशी ठरले. या वेळी निवड वॉशिंग्टनवर सोपवली गेली आणि त्याने ग्रीनचं नाव घेतलं. ऱ्होड आयलंडचा, युद्ध निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या कुटुंबातला, बापाच्या लोहारकामाच्या भट्टीवर वाढलेला, एका पायाने किंचित लंगडणारा हा माणूस. युद्धकला तो पुस्तकांतून शिकला होता. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे १७७८ ते १७८० तो वॉशिंग्टनच्या सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे पुरवठा आणि वाहतुकीचा प्रमुख, होता. ते पद त्याला मनापासून नको होतं. इतिहासात क्वार्टरमास्टरचं नाव कुणी कधी ऐकलं नाही, अशा अर्थाचं त्याने वॉशिंग्टनला लिहिलं होतं. पण काम त्याने चोख केलं, आणि माझ्या मते दक्षिणेतला ग्रीन त्या नावडत्या खुर्चीत घडला.

डिसेंबर १७८० च्या सुरुवातीला तो शार्लटला पोचला. कागदावर सैन्य सुमारे २,३००. हजर त्यातले पंधराशेच्या आत, आणि अंगावर धड कपडे व हातात धड शस्त्र असलेले जेमतेम आठशे. तो आल्या आल्या काय करतो ते बघा. शत्रू कुठे आहे याची चौकशी तो करतोच, पण आधी नद्या मोजायला माणसं पाठवतो. एडवर्ड कॅरिंग्टन डॅन नदीवर, एडवर्ड स्टीव्हन्स याडकिनवर, आणि पोलंडहून आलेला इंजिनिअर कोश्च्युश्को कटॉबावर. नदी पायी ओलांडायचे उतार कुठे, पाण्याला ओढ किती, नावा किती आणि कुणाच्या, कुठल्या गावात किती धान्य शिल्लक, या सगळ्याची नोंद. नावा बांधायची आणि गोळा करायची व्यवस्थाही त्याने तेव्हाच लावली.

हे वाचलं की मला लडाखमधले माझे दिवस आठवतात. नोव्हेंबरमध्ये खिंड बंद व्हायची. त्याआधी पुढच्या चौक्यांवर सहा महिन्यांचं पीठ, डाळ, रॉकेल चढवायचं. नव्या जागी बदली झाली की माझं पहिलं काम ठरलेलं असायचं. आधी रस्ता स्वतः पायाखाली घालायचा. कुठल्या वळणावर दरड येते, कुठल्या नाल्यावरचा पूल किती टन पेलतो, खेचरांना पाणी कुठे. शत्रूचा नकाशा वरचे लोक देतातच. स्वतःच्या रस्त्याचा नकाशा मात्र आपणच बनवायचा असतो. ग्रीनने तेच केलं, आणि दोन महिन्यांनी त्याचा जीव त्यावरच वाचला.

मग त्याने ते प्रसिद्ध धाडस केलं. आधीच लहान असलेलं सैन्य त्याने मोठ्या शत्रूसमोर दोन भागांत वाटलं. डॅनियल मॉर्गनला सुमारे सहाशे माणसं देऊन पश्चिमेला पाठवलं आणि स्वतः उरलेलं सैन्य घेऊन पूर्वेला पी डी नदीकाठी चेरॉजवळ गेला. शत्रूलाही सैन्य वाटावं लागेल हे कारण त्याने स्वतःच लिहून ठेवलंय आणि ते खरं आहे. मला मात्र त्यात आधी पोटाचा हिशेब दिसतो. शार्लटच्या आसपासचा मुलूख दोन्ही सैन्यांनी खाऊन संपवला होता. एका जागी सगळे बसले असते तर उपाशी मेले असते. दोन जागी बसले तर दोन मुलखांवर जगता येतं. डावपेचाचं धाडस आणि राशनचा नाइलाज एकाच निर्णयात असू शकतात. सेनापतीचं कसब असं की नाइलाज त्याने शत्रूच्या अंगावर लोटला.

कॉर्नवॉलिसने मॉर्गनवर आपल्या चपळ तुकडीचा सेनानी बॅनास्टर टार्लटन याला सोडलं. १७ जानेवारी १७८१, काउपेन्स. मॉर्गन एकेकाळी गाडीवान होता, आपली माणसं ओळखून होता. गावोगावच्या शिबंदीला, म्हणजे घरून तात्पुरत्या आलेल्या सैनिकांना, त्याने एवढंच सांगितलं की दोन बार काढा आणि मागे या. पळू नका असं बजावून काही होणार नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने मागे येणं हाच योजनेचा भाग केला. टार्लटनला वाटलं फळी मोडली. तो बेभान पुढे घुसला आणि मागच्या कसलेल्या पलटणींवर व बाजूने आलेल्या घोडदळावर आपटला. त्याच्या सुमारे अकराशे माणसांपैकी बहुतेक मारली गेली किंवा पकडली गेली. कॉर्नवॉलिसचं हलकं, चपळ सैन्य एका सकाळी गेलं. तीन महिन्यांपूर्वी, ७ ऑक्टोबरला, किंग्ज माउंटनवर पॅट्रिक फर्ग्युसनची, राजाच्या बाजूच्या अमेरिकनांची राजनिष्ठ फौज अशीच नाहीशी झाली होती.

आता तो निर्णय, ज्यासाठी मी ही मोहीम शिकवत आलो. मॉर्गन कैद्यांना घेऊन उत्तरेला निघाला होता आणि कॉर्नवॉलिसला त्याला गाठायचं होतं. चपळ तुकडी तर उरली नव्हती. म्हणून २५ जानेवारीला रॅमसोर्स मिल इथे त्याने अख्ख्या सैन्यालाच हलकं करायचं ठरवलं. तंबू, जास्तीचे कपडे, रमची पिंपं, गाड्या, सगळं पेटवून दिलं. दारूगोळा, मीठ, औषधं आणि आजाऱ्यांसाठी लागणाऱ्या मोजक्या गाड्या ठेवल्या. पहिलं सामान त्याने स्वतःचं टाकलं. हे लक्षात ठेवा. सैनिकांचे हाल तो लांबून बघणारा माणूस नव्हता, आणि त्याची माणसं त्याच्यासाठी जीव टाकायची ते याच कारणाने. त्याचा एक सेनानी चार्ल्स ओ'हारा याने घरी लिहिलं की ग्रीनच्या सैन्यामागे जगाच्या टोकापर्यंत जायचं ठरलंय.

एकदा थरच्या वाळवंटातल्या मोठ्या सरावात आमच्या वरच्या अधिकाऱ्यांनी असाच निर्णय घेतला होता. वेग हवा म्हणून पाण्याचे आणि दुरुस्तीचे ट्रक मागे ठेवले. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो आणि कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी बंद पडलेल्या गाड्या वाटेत सोडाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जवान पाणी वाचवून पीत होते आणि कुणाचंच लक्ष समोर नव्हतं. मी तेव्हा कॅप्टन होतो. आकडे माझ्याकडे होते, पण ते मी ठामपणे मांडले नाहीत, आणि त्याची रुखरुख मला आजही आहे. तो सराव होता, कुणी मेलं नाही. सामान टाकून मिळणारा वेग उधारीचा असतो, आणि ती किती दिवस चालेल हे समोरच्याला मैदानात थांबवता येतं की नाही यावर ठरतं.

ग्रीन थांबला नाही. तो मोजक्या स्वारांनिशी मॉर्गनकडे धावला, दोन्ही सैन्यांनी ग्विलफर्ड कोर्टहाउसजवळ एकत्र यावं असं ठरवलं, आणि माघार सुरू झाली. हिवाळी पावसाने नद्या फुगलेल्या. १ फेब्रुवारीला कॉर्नवॉलिस कटॉबा ओलांडून आला. पलीकडे शिबंदीचा सेनापती विल्यम डेव्हिडसन पडला, पण ग्रीनचं मुख्य सैन्य पुढे निघालं होतं. याडकिनवर ग्रीनने नावा गोळा करून ठेवल्या होत्या. ब्रिटिश पोचले तेव्हा त्या पलीकडच्या काठाला होत्या. मग उरली डॅन. ग्रीनने ओथो विल्यम्सच्या हाताखाली सातशे निवडक माणसांची तुकडी वेगळी काढली आणि ती नदीच्या वरच्या अंगाच्या उतारांकडे निघाल्याचा देखावा केला. कॉर्नवॉलिस तिच्यामागे गेला. तेवढ्यात मुख्य सैन्य खालच्या अंगाला, जिथे कॅरिंग्टनने नावा जमवल्या होत्या, तिथे पोचलं. १४ फेब्रुवारीला सगळे पलीकडे होते. सर्वांत शेवटी हेन्री लीचे घोडेस्वार उतरले. ब्रिटिशांची आघाडीची तुकडी काठावर आली तेव्हा समोर फुगलेली नदी होती आणि एकही नाव नव्हती.

या तीन आठवड्यांत एकही मोठी लढाई झाली नाही. तरी माझ्या मते मोहिमेचा निकाल इथेच लागला. पलीकडे व्हर्जिनियात ग्रीनला धान्य, बूट आणि ताजी माणसं मिळाली. अलीकडे कॉर्नवॉलिस आपल्या शेवटच्या कोठारापासून खूप दूर, तंबू नसलेलं सैन्य घेऊन उभा होता. त्याने हिल्सबरोला राजाचं निशाण उभारलं आणि निष्ठावंतांना बोलावलं. थोडे निघालेही. पण २५ फेब्रुवारीला लीच्या स्वारांनी पाइल नावाच्या डॉक्टरच्या निष्ठावंत टोळीला गाठून कापून काढलं. दोन्हीकडचे डगले हिरवे होते आणि पाइलच्या माणसांना समोरचे आपलेच वाटले. त्या कत्तलीचं समर्थन मला करता येत नाही. मात्र त्यानंतर राजाच्या बाजूने यायला कुणी धजेना, हा तिचा परिणाम झाला.

बळ वाढल्यावर ग्रीन परतला आणि १५ मार्चला ग्विलफर्ड कोर्टहाउसला उभा राहिला. त्याच्याकडे सुमारे साडेचार हजार, त्यात निम्म्याहून जास्त शिबंदी. कॉर्नवॉलिसकडे दोन हजारांच्या आत. मॉर्गनच्या सल्ल्याप्रमाणे ग्रीनने तीन फळ्या केल्या. कुंपणामागे उत्तर कॅरोलिनाची शिबंदी, मध्ये रानात व्हर्जिनियाची, शेवटी टेकाडावर कसलेल्या पलटणी. फळ्यांमधलं अंतर जास्त होतं आणि मध्ये रान होतं, त्यामुळे एकीला दुसरीची मदत होईना. काउपेन्सला मॉर्गनला सगळी माणसं डोळ्यांसमोर दिसत होती, ग्रीनला नाही. ही त्याची चूक होती. ब्रिटिश पलटणी न्याहारीशिवाय बारा मैल चालून आल्या आणि तशाच लढल्या. त्यांचं शौर्य मान्य करायलाच हवं. ऐन मोक्याला ग्रीनने सैन्य काढून घेतलं. तोफा सोडल्या, मैदान सोडलं.

आता दुसरी सकाळ. कॉर्नवॉलिसचे ९३ मेले होते, ४१३ जखमी, २६ बेपत्ता. चौथा हिस्सा सैन्य गेलं. रात्रभर मुसळधार पाऊस. जखमी उघड्यावर, कारण तंबू सात आठवड्यांपूर्वी स्वतःच जाळले होते. भाकरी नव्हती. ग्रीनचं सैन्य काही मैलांवर, जेवलेलं आणि पुन्हा रांगेत. कोण जिंकलं, हे मी वर्गात इथे विचारायचो आणि मग बराच वेळ गप्प राहायचो. लंडनच्या पार्लमेंटात चार्ल्स जेम्स फॉक्स म्हणाला की असा आणखी एक विजय ब्रिटिश सैन्याचा नाश करील.

कॉर्नवॉलिस जखमींना घेऊन समुद्राकडे, विल्मिंग्टनला निघून गेला. तिथून दक्षिण कॅरोलिनाला परत यावं की व्हर्जिनियात जावं हा प्रश्न होता. त्याने एप्रिलच्या शेवटी साधारण चौदाशे माणसांनिशी व्हर्जिनिया धरलं. क्लिंटनची परवानगी न घेता. ग्रीन मात्र त्याच्या मागे गेला नाही. तो वळला आणि दक्षिणेला निघाला, जिथे ब्रिटिशांची ठाणी विखुरलेली होती. या वळण्याला मी त्याच्या सगळ्या निर्णयांत सर्वांत वर ठेवतो. समोरचा मोठा शत्रू सोडून देणं सेनापतीला फार जड जातं.

पुढे २५ एप्रिलला हॉबकर्क्स हिलवर ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉडनने त्याला हरवलं. नाइन्टी सिक्सचा वेढा १९ जूनला उठवावा लागला. ८ सप्टेंबरला यूटॉ स्प्रिंग्जला जिंकत आलेली लढाई निसटली. त्याचे उपाशी सैनिक ब्रिटिश तळात शिरले आणि खाण्यापिण्यात गुंतले, असं त्या काळच्या हकिगतींत आहे. पुरवठ्याच्या माणसाला हे वाक्य वाचताना वाईट वाटतं. आम्ही लढतो, मार खातो, उठतो आणि पुन्हा लढतो, असं त्याने फ्रेंच वकिलाला लिहिलं ते हॉबकर्क्स हिलनंतर. ती बढाई नव्हती, हिशेब होता. कारण तो हरत असताना फोर्ट वॉटसन, फोर्ट मॉट, ऑगस्टा अशी ठाणी पडत होती, आणि रॉडनला जिंकलेलं कॅम्डेन स्वतःच सोडावं लागलं. वर्षअखेर ब्रिटिशांकडे दक्षिणेत चार्ल्सटन आणि सव्हाना ही बंदरंच उरली.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की ग्रीनने प्रत्येक लढाईत शत्रूला असं काही खर्चायला लावलं जे त्याला भरून काढता येत नव्हतं. ब्रिटिशांची बदली माणसं तीन हजार मैलांचा समुद्र ओलांडून यायची. ग्रीनची माणसं शेजारच्या परगण्यातून यायची. आपलं मूळ सैन्य शाबूत राहील एवढ्या बेताने तो लढला.

पण हे परिस्थितीवर अवलंबून होतं आणि ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. नद्या फुगलेल्या नसत्या तर डॅनपर्यंत तो पोचलाच असता असं नाही. मॅरियन, सम्टर, पिकन्स या अमेरिकन बाजूच्या पुढाऱ्यांच्या टोळ्या ब्रिटिशांच्या गाड्या लुटत नसत्या तर रॉडनला कॅम्डेनमध्ये बसता आलं असतं. फ्रेंचांचं आरमार नसतं तर कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात यॉर्कटाउनच्या वेढ्यात सापडलाच नसता. ५ सप्टेंबर १७८१ च्या समुद्रावरच्या झुंजीनंतर चेसापीक उपसागराचं तोंड फ्रेंच आरमारप्रमुख द ग्रासच्या हाती राहिलं, वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाम्बो उत्तरेकडून पोचले, आणि १९ ऑक्टोबरला कॉर्नवॉलिसच्या सात हजारांवर माणसांनी शस्त्रं ठेवली. कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आला नाही, तलवार घेऊन ओ'हाराला पाठवलं. त्या वेढ्यात, स्वातंत्र्याच्या आशेने ब्रिटिशांकडे आलेल्या काळ्या गुलामांना, देवीच्या साथीत, त्याने तटाबाहेर काढलं होतं. अन्न संपत आलं होतं हे कारण मला समजतं. मला ते पटत नाही.

दुसरा प्रश्न, कॉर्नवॉलिस कच्चा होता का. मला तसं वाटत नाही. लढाईच्या दिवशी तो ग्रीनपेक्षा सरस होता. चुकला तो हेतू आणि साधनं यांचा मेळ घालण्यात. मुलूख निष्ठावंतांनी भरलेला आहे आणि अमेरिकन सैन्य मोडलं की ते उठतील, हे लंडनमधलं गृहीत त्याने तपासलं नाही. क्लिंटनशी त्याचं पटत नव्हतं, तो लंडनला युद्धाचा कारभार पाहणारा मंत्री जर्मेन याच्याशी थेट पत्रव्यवहार करायचा, आणि न्यूयॉर्कहून पत्र यायला आठवडे लागायचे. एका युद्धाला दोन धनी झाले की मधल्या सेनापतीला आपल्या मर्जीने चालायची सवय लागते. ग्रीनला असा एकच धनी होता आणि त्याचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. वॉशिंग्टन स्वतः १७७६ मध्ये न्यूयॉर्क हरल्यावर हेच शिकला होता की सगळं सैन्य एका डावावर लावायचं नाही.

तिसरा प्रश्न, गनिमी कावा. मॅरियनच्या दलदलीतल्या टोळ्यांना हा शब्द शोभतो. १६९० च्या दशकात संताजी आणि धनाजींनी मोगलांची रसद तोडली, त्याच्याशी नातं दिसतं. औरंगजेबही किल्ले जिंकत राहिला आणि ते मागून सुटत राहिले. पण ग्रीन स्वतः गनीम नव्हता. तो कवायती सैन्य घेऊन फळी धरून उभा राहायचा. तो जवळ होता म्हणून ब्रिटिशांना एकत्र राहावं लागायचं, आणि ते एकत्र राहिले की टोळ्यांना रान मोकळं मिळायचं. ते टोळ्यांमागे पांगले की ग्रीन येऊन ठाकायचा. फोर्ट वॉटसन मॅरियनने आणि लीने मिळून घेतलं, ओंडक्यांचा उंच बुरूज उभारून त्यावरून आत गोळ्या झाडून. एकट्या टोळीला ते जमलं नसतं, एकट्या पलटणीला तिथवर पोचता आलं नसतं. सगळ्याला गनिमी कावा म्हटलं तर ही जोडी नजरेतून निसटते.

कॉर्नवॉलिसबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून एक गोष्ट आपल्याकडची. त्याआधी ग्रीनचं काय झालं ते सांगतो. दक्षिणेतल्या सैनिकांच्या कपड्यांसाठी ग्रीन स्वतः जामीन राहिला होता. ठेकेदार बुडाला आणि कर्ज त्याच्या डोक्यावर आलं. जून १७८६ मध्ये, ४३ व्या वर्षी, तो सव्हानाजवळ वारला. त्याच सप्टेंबरमध्ये कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला उतरला.

१७९१ मध्ये तो टिपूवर चालून गेला. मार्चमध्ये बंगळूर घेतलं, १५ मेला श्रीरंगपट्टणजवळ अराकेरेला लढाई जिंकली. आणि पुन्हा तेच. बैल मरत होते, धान्य संपलं होतं, पाऊस लागला होता. समोर किल्ला दिसत असताना त्याला वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी करून मागे फिरावं लागलं. वाटेत दूर घोडेस्वार दिसले. टिपूचे असावेत म्हणून धावपळ उडाली, पण ते मराठे होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन आपलं सैन्य घेऊन आले होते. टिपूच्या स्वारांनी जासूद अडवल्यामुळे ते इतके जवळ आलेत हे कॉर्नवॉलिसला कळलंच नव्हतं. मराठ्यांच्या तळाबरोबर भरलेला बाजार होता. भाव चढे होते, पण धान्य होतं, आणि इंग्रजांचं उपाशी सैन्य त्यावर जगलं.

या वेळी मात्र त्याने सामान जाळून पुढे धाव घेतली नाही. तो बंगळूरला परतला. बंजाऱ्यांशी धान्याचे करार केले. वाटेवर डोकं वर काढणारे डोंगरी किल्ले आधी घेतले, ऑक्टोबरात नंदीदुर्ग, डिसेंबरात सावनदुर्ग, म्हणजे मागून येणाऱ्या तांड्यांना कुणी अडवायला नको. मगच तो पुन्हा श्रीरंगपट्टणकडे वळला, आणि ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री त्याने हल्ला चढवला तेव्हा त्याच्या पाठीमागे बैलांच्या पाठीवर धान्य येत होतं.